पपनसाला ताण

वेधशाळेतल्या लोकांनी तिचं नाव 'पारा' ठेवलं, ते काही ती रोज तापमान मोजायची म्हणून नव्हे. तिचा पारा कधी चढेल आणि कधी उतरेल, याचा अंदाज त्या अख्ख्या कार्यालयाला शेवटपर्यंत वर्तवता आला नाही. पुढे वयाचा मान म्हणून पाराची पाराबाई झाली, निवृत्तही झाली, पण नाव काही सुटलं नाही. नवरासुद्धा तिच्या माघारी तेच म्हणायचा. तोंडावर म्हणायची त्याची छाती नव्हती.

नोकरी बदलीची. कधी वाळूच्या कडेला, कधी समुद्रकाठी, कधी ढगांत बुडालेल्या डोंगरावर. आणि बाईसाहेबांची खोड अशी, की ज्या गावात जे उगवत नाही, नेमकं तेच लावायचं. वाळूच्या गावात लोक सावलीला एखादं झाड जगलं तरी धन्यता मानायचे, तिथे हिला न्हाणीघरात नेचे हवे होते. समुद्रकाठी थंडीतली फुलं हवी होती. शेजारी हसत. ती म्हणायची, "जे आपोआप उगवतं त्यात माझं काय कौतुक?" नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. त्याचा धंदा कुठल्याही गावात चाले, कारण कपडे सगळीकडेच फाटतात. प्रत्येक बदलीत आधी कुंड्या चढायच्या, मग भांडी, मग तो.

शेवटची बदली थंड गावात झाली आणि निवृत्तीनंतर दोघं तिथेच राहिली. तिथे तिचा जीव की प्राण म्हणजे पपनस. समुद्रकाठच्या बाजारातून आणलेल्या फळाची बी तिने फुटक्या कपात रुजवली होती, आणि ते रोप बदल्या सोसत सोसत आता छताला टेकायला आलं होतं. बाहेर खिडकीच्या काचेवर बर्फ साचायचा आणि आत हे उष्ण देशाचं झाड हीटरशेजारी ऐटीत उभं असायचं. त्याची कुंडी म्हणजे चांगला हौद होता. नवऱ्याने तिला जुन्या मशिनीच्या स्टँडची चाकं लावून दिली होती. झाड काट्यांनी उभं, पानांनी गच्च, पण फुलाचं नाव नाही.

का नाही, ते पाराबाईला पक्कं ठाऊक होतं. असल्या झाडांना फुलण्याआधी ताण द्यावा लागतो. बागाईत करणाऱ्या कुणालाही विचारा. ताण देणं म्हणजे पाणी तोडायचं, माती कोरडी पडू द्यायची, पानं कोमेजली तरी मन घट्ट करायचं. मग ताण तोडायचा, म्हणजे हळूहळू पाणी सुरू करायचं, की झाड फुलतं. सगळं माहीत होतं. पण पानाचा शेंडा जरा मान टाकतोय असं दिसलं, की हिच्या हातात झारी यायची. "पुढच्या वर्षी देईन ताण," असं ती दरवर्षी म्हणायची. झाडही शहाणं. त्याने फुलणं पुढच्या वर्षावर टाकलं होतं.

आणि अशातच मुलगी घरी परत आली.

एकुलती एक मुलगी. मोठ्या शहरात औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, चिठ्ठ्या वाचायची, औषधं द्यायची. हुशार, काटेकोर, आईसारखा पारा नाही. एक दिवस तिने लहान मुलाच्या औषधाची दुप्पट ताकदीची बाटली दिली. त्या मुलाच्या वडिलांनी दारातूनच मागे येऊन विचारलं, म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही, कुणी तक्रार केली नाही. मालकाने तर पाठीवर हात ठेवून सांगितलं, की असं एकदा प्रत्येकाचं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिचा हात बाटलीला लागेना. लागला की थरथरायचा. शेवटी नोकरी सोडून ती आईवडिलांकडे आली, मागच्या खोलीत राहू लागली आणि बाहेर पडेनाशी झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, "सध्या ताण नको."

झालं. नवऱ्याने तो शब्द असा काही मनावर घेतला, की घरात शिलाई मशीनसुद्धा दबकत चालू लागली. रेडिओ बंद. पाहुणे बंद. पोरीला चहा हातात, जेवण हातात. काम सांगायचं नाही, काही विचारायचं नाही. "तिला तपासल्यासारखं बोलू नकोस," तो बायकोला बजावायचा. "तिला ताण देऊ नकोस." पाराबाई, जिला भिंतीवरच्या कॅलेंडरलाही चार शब्द सुनावल्याशिवाय चैन पडत नसे, ती मूग गिळून बसायला शिकली. तिच्या मायेचं हे टोक होतं. आपली पोर पुन्हा आपल्या पायावर उभी राहील का, या एकाच काळजीने तिची झोप उडाली होती. पण ते बोलायचं कुणाशी?

पानगळीच्या दिवसांत पाराबाईच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जाणं भाग होतं. प्रश्न कुंड्यांचा. नवऱ्याला कुंड्यांना हात लावायला कायमची बंदी होती. ती का, ते पुढे येईलच. शेजारीण गावी गेलेली. उरली मुलगी. पाराबाईने निघताना पपनसाला भरपूर पाणी घातलं आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, "याचं आता झालंय. पुढचं मी फोनवर सांगेन हं."

सांगितलंही. दुसऱ्याच दिवशी इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गलबल्यात ओरडून सांगितलं, "पपनसाला ताण देऊ नकोस! ऐकलंस?"

"ऐकलं," मुलगी म्हणाली. "नाही देत."

तुम्ही म्हणाल, ध चा मा झाला. तेही नाही. शब्द जसाच्या तसा पोचला होता, अर्थ तेवढा वाटेत बदलला. पाराबाईला म्हणायचं होतं, पाणी चुकवू नकोस. पण त्या घरात ताण न देणं म्हणजे काय, ते मुलगी कित्येक महिने स्वतःवर अनुभवत होती. ताण न देणं म्हणजे शांत जागी ठेवायचं, हात लावायचा नाही, काही मागायचं नाही, काही द्यायचं तर पाय न वाजवता. तिने पपनसाची चाकं ढकलत त्याला हीटरच्या घरघरीपासून लांब, मागच्या गार पडवीत नेलं. पडदा अर्धा ओढला. दार लोटून घेतलं. आणि पाण्याचं कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून स्वतःच्या मनाने एक थेंबही घातला नाही. स्वतःच्या मनाने काही करायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

रोज फोन व्हायचा. आई विचारायची, "ताण देत नाहीस ना?" मुलगी म्हणायची, "अजिबात नाही." दोघींचं समाधान. 'पाणी घातलंस का?' असं सरळ विचारायला पाराबाईची जीभ वळवळायची, पण ते तपासल्यासारखं झालं असतं. नवऱ्याला फोन दिला, तर तो म्हणायचा, "मी कुंड्यांच्या आसपास फिरकत नाही बाई, मला बंदी आहे." पुढे पपनसाची पानं गळायला लागली, तेव्हा मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरची सगळी झाडं बोडकी होत होती. तिला वाटलं, हे दिवसच गळायचे.

पाराबाई परत आली ती बॅग हातात घेऊनच पपनसाच्या जागी गेली. जागा रिकामी. मागच्या पडवीचं दार उघडलं आणि तिथे काट्यांचा सांगाडा उभा होता. खाली सगळी पानं. माती कुंडीच्या कडेपासून सुटून आलेली, हातात घेतली तर भुगा व्हावा अशी.

"अगं, मारलंस की गं त्याला!"

शब्द तोंडातून सुटला आणि पाराबाईने स्वतःच्या तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. मुलगी दारातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

नवरा आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडला. "झाड! झाडापुढे पोर दिसली नाही तुला? इतके दिवस जपलं, ते एका वाक्यात घालवलंस!"

 पाराबाईला स्वतःची इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणीही येईना. काहीतरी करायचं म्हणून तिने नखाने पपनसाची साल खरवडली. शेंड्याची फांदी तपकिरी. त्याखालची तपकिरी. बुंध्याजवळ आली, पुन्हा खरवडलं. आत हिरवा ओलसर पापुद्रा होता. अगदी थोडा, पण होता.

तिने सवयीने झारी उचलली, आणि तशीच खाली ठेवली. मग खोलीच्या दारापाशी जाऊन सरळ जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले.

"ऐकतेस का?" ती बंद दाराला म्हणाली. "वाळूच्या गावातले नेचे आठवतात तुला? न्हाणीघरातले? आपण अंघोळ करायचो ती त्यांना ओलावा मिळावा म्हणून. मोठे झाले, पानांनी आरसा झाकला. आणि एका दुपारी मी खिडकी उघडी टाकून ऑफिसात गेले. गरम वारा सुटला. संध्याकाळी येऊन बघते तर हात लावला की चुरा. मारले मी ते."

तिने पाठ दाराला टेकवली.

"ट्यूलिप तर फुललेच नाहीत. त्यांना थंडी लागते म्हणून कांदे फ्रिजमध्ये ठेवले होते, भाजीच्या खणात. आणि तुझ्या बाबांना सांगितलं, कांदे आहेत त्यात, नीट ठेवा."

"मी नीटच ठेवले होते," नवरा मागून म्हणाला. "ऑम्लेट करेपर्यंत."

"तिघांचीही पोटं बिघडली. चूक कुणाची? कांदे म्हणाले मी! फुलांचे कांदे म्हणाले असते तर? पण बंदी घातली यांना."

"इतकी वर्षं!" नवरा म्हणाला. त्याला हे आजच कळत होतं.

"आणि ती दगडासारखी दिसणारी रोपं, डोंगरावरची," पाराबाई आता थांबायला तयार नव्हती. "ती धुक्याने गेली असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. धुकं कशाला मारतंय? त्यांना महिनोन्महिने पाणी नको असतं. मला बघवेना. तहान लागली असेल म्हणून मी गुपचूप पाणी घालत राहिले आणि ती फुटली. मायेने मारली. माझ्या हातून मेलेली झाडं एका जागी लावली तर जंगल होईल गं. तुझ्या हातून एक सुकलं, तर मी ओरडले. मेला माझा पारा!"

आतून प्रश्न आला, "दगडांच्या रोपांना किती पाणी घालत होतीस?"

"पेलाभर."

"पेलाभर!" आतला आवाज एकदम काउंटरवरचा झाला. "रोपं केवढी?"

"अंगठ्याएवढी."

कडी निघाली. मुलगी दारात उभी राहिली, डोळे सुजलेले. "तू सांगितलंस तेच केलं मी. ताण दिला नाही. एकदाही हात लावला नाही."

 पाराबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, ताण देणं म्हणजे पाणी तोडणं! झाडाचा ताण म्हणजे तहान!"

"मला काय माहीत? या घरात ताण न देणं म्हणजे नुसतं एकटं सोडायचं." मुलगी एक पाऊल पुढे आली. "तुम्ही दोघं मला काही सांगत नाही, काही मागत नाही. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा तू शेजारणीकडून मागवतेस. मी शेजारच्या खोलीत असते. एकदा चुकले तर तुमचाही माझ्यावरचा विश्वास उडाला, असंच वाटणार ना मला?"

नवरा खाली बघू लागला. पाराबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. गोळ्या तिने शेजारणीकडून मागवल्या होत्या त्या पोरीला त्रास नको म्हणून. निदान स्वतःला ती तसं सांगत आली होती. मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं का? असावं. तिने ते स्वतःपाशी कबूल केलं आणि तिला फार वाईट वाटलं.

"झाड अजून गेलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "बुंध्यात जीव आहे. ताण तोडायचा तर एकदम भसकन पाणी घालून चालत नाही, मुळं कुजतात. आधी जेमतेम ओल होईल एवढं. त्याला आंबवणी म्हणतात. मग थांबायचं, माती बघायची, मग दुसरं पाणी जरा जास्त, ती चिंबवणी. मग हळूहळू पोटभर. हे तू कर."

"आणि मेलं तर?" मुलीच्या आधी नवराच बोलला. त्याच्या पाचावर धारण बसली होती. या वेळी झाड पोरीच्या हातून खरंच गेलं असतं, तर पोर पुन्हा उभी राहिली नसती, हे तिघांनाही कळत होतं.

"मेलं तर तिघं मिळून उपटू," पाराबाई म्हणाली. तिचा आवाज म्हणावा तितका घट्ट नव्हता.

मुलगी त्या बोडक्या फांद्यांपाशी गेली. मग तिने आपल्या बॅगेतून औषध मोजायचं काचेचं माप काढलं. मातीत खोलवर बोट घालून पाहिलं, कुंडीचा घेर वितीने मोजला, मनाशी काही हिशेब केला. माप पुन्हा पुन्हा भरून ती कडेकडेने पाणी सोडत गेली.  थोडं पाणी जमिनीवर सांडलं. तिने तेवढंच पुन्हा मोजून घातलं. पाराबाईला ते पाणी चिमणीच्या अंघोळीएवढं वाटत होतं. झारी हिसकावून घ्यावी असं दहादा मनात आलं. तिने खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या टोप्या मोजत बसली.

नवऱ्याने हीटर पडवीत आणून लावला. पुढचे दिवस पाराबाईला जड गेले. पडवीत जायचं नाही, असं तिने स्वतःच कबूल केलं होतं. ती दाराच्या फटीतून बघायची, नवरा तिला बघायचा, आणि मुलगी दोघांना बघून "काय आहे?" असं विचारायची. शेंड्याकडच्या सुकलेल्या फांद्या मुलीने स्वतः छाटल्या. कुठवर छाटायचं, ते साल खरवडून बघून ठरवलं. एकदा तिने आईला विचारलं आणि आईने सांगितलं त्याच्या उलट केलं. पाराबाईचा पारा चढला आणि आपोआप उतरला. पोरीचंच बरोबर असावं, अशी शंका तिला आली होती.

मग एका सकाळी मुलीची हाक आली. "आई, हे काय आलंय बघ."

जुन्या उघड्या काड्यांवर, पानांच्याही आधी, हिरवट पांढऱ्या कळ्यांचे झुबके धरले होते. पाराबाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कळ्या आहेत," ती म्हणाली आणि एकेक मोजायला लागली. पुढच्या आठवड्यात पपनस फुललं. जाड पांढऱ्या पाकळ्यांच्या वासाने घर इतकं भरलं, की टपाल द्यायला आलेला माणूस जिन्यात थांबून नाकाने हुंगत राहिला. बाहेर बर्फ पडत होता. नवऱ्याने कुंडीपासून हातभर लांब उभं राहून विचारलं, "आता तरी हात लावू का?" त्याची बंदी त्या दिवशी उठली.

झाडाला फुलं आली म्हणून माणसं बरी होत नाहीत. तसं होत असतं, तर डॉक्टरांनी कुंड्याच विकल्या असत्या. मुलीने त्यानंतरही कितीतरी दिवस घराचा उंबरा ओलांडला नाही. पण घर बदललं. पाराबाई तिला कामं सांगू लागली, आणि कामं सांगण्यात तिचा हात कोण धरणार? दिवे बदल, बाबांची पेटी आवर, माझा चष्मा शोध, तो नाही, दुसरा. पोर वैतागायची, भांडायची. रेडिओ पुन्हा लागला. आणि एकदा जेवताना मुलगी मीठ मागावं तशी म्हणाली, "नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात माणूस हवाय. मी विचारून आले."

सुरुवातीला तिने मागे बसून खोकी लावायचं काम घेतलं. काउंटरवर उभं राहायला तिला बर्फ वितळायला लागेपर्यंतचा वेळ लागला. त्या दिवशी सकाळी पाराबाईने कोट चढवला.

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "तपासायला आलीस असं वाटेल तिला."

"मी गिऱ्हाईक आहे," पाराबाई म्हणाली. "माझ्या गोळ्या संपल्यात."

दुकानात रांग होती. पाराबाई रांगेत उभी राहिली. हे तिच्याकडून सहसा होत नसे. पाळी आली तशी तिने चिठ्ठी पुढे केली. मुलीने मान वर करून पाहिलं, मग चिठ्ठी वाचू लागली. फळीकडे गेली, खोकं घेऊन आली. खोक्यावरचं वाचलं, चिठ्ठी वाचली.  पुन्हा खोकं वाचलं. मागच्या माणसाने घसा खाकरला. पाराबाई त्याच्याकडे वळली, तिच्या तोंडात चांगले चार शब्द तयार होते.

"थांबा जरा," मुलगीच त्या माणसाला म्हणाली. "मी दोनदा बघते. तुमचंही दोनदाच बघणार आहे."

माणूस गप्प झाला. पाराबाईही.

"सकाळी एक," मुलगी खोकं पुढे सरकवत म्हणाली. "खाल्ल्यानंतर. एखाद्या दिवशी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत."

"अगं, मला काय सांगतेस, मी किती वर्षं या गोळ्या..."

"कळलं का?"

"कळलं," पाराबाई म्हणाली.

तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पोरीचा पांढरा कोट खांद्याला ढगळ होतो, दुपारी काय खाल्लंस, घरी कधी येशील. पण मुलीची नजर केव्हाच तिच्यावरून पुढे गेली होती.

"पुढचे या," मुलगी म्हणाली.

आणि आयुष्यभर कुणालाही आपल्यापुढे जाऊ न देणारी पाराबाई मुकाट्याने बाजूला झाली.